भिंत कारवीची, जमीन कोणाची?

कारवी वर्षानुवर्षं नुसती वाढते. भातसानगरच्या धरणावरून पूर्वेला दिसणाऱ्या डोंगरांवर, माळशेजच्या उतारांवर ती माणसाच्या डोक्याच्या वर जाते. पावसाळ्यात खरखरीत पानांनी भरते आणि उन्हाळ्यात तिच्या नुसत्या काड्या उरतात. फूल नाही, फळ नाही. मग एका वर्षी, कुठे सातव्या तर कुठे आठव्या, उतारच्या उतार जांभळा होतो. एका वयाची सगळी कारवी एकाच हंगामात फुलते, बी धरते आणि मरते. वाळलेली बोंडं पुढे कित्येक महिने फांदीवर तशीच राहतात आणि ओल लागली की आवाज करत फुटतात. इतकं बी एकदम जमिनीवर पडलं की खाणारे खाऊन थकतात आणि उरलेलं रुजतं, असा या सामुदायिक मरणामागचा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात.

मेलेली कारवी मात्र संपत नाही. तिची काठी सरळ, हलकी आणि चिवट असते, आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घराची भिंत त्याच काठीची. सागाच्या किंवा ऐनाच्या मेढी रोवायच्या, त्यांवर आढं, आढ्यावरून दोन्हीकडे वासे. मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या काठ्यांना आवळून बांधायच्या. हा झाला कूड. त्याला आतून-बाहेरून मातीचा, शेणाचा आणि भाताच्या तुसाचा गिलावा द्यायचा. वर गवत, पेंढा नाहीतर कौलं.

हे घर नीट पाहिलं तर त्यात बरंच विज्ञान दडलेलं आहे. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलायचा, म्हणून छपराला तीव्र उतार आणि पाखं भिंतीच्या पुढे बरंच खाली आलेलं, कारण मातीच्या गिलाव्याचा पहिला शत्रू तिरपा पाऊस. गवताच्या थरांत हवा अडकून राहते आणि ती ऊन आत येऊ देत नाही. पत्रा एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो, गवत तापत नाही. मातीचा लेप दमट हवेतली ओल शोषतो आणि कोरड्या हवेत सोडतो. चुलीचा धूर वर चढून छपरातून झिरपतो, त्यामुळे गवताला कीड लवकर लागत नाही. तूस गिलाव्याला तडे जाण्यापासून धरून ठेवतं. एक मेढ कुजली तर तेवढीच बदलता येते. आणि घर सोडून दिलं तर काही पावसाळ्यांत त्याचं पुन्हा रान होतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, त्या हिशेबात हा कूड बसवून पाहावा.

पण त्याची आरती ओवाळायला मी तयार नाही. कुडाला दरवर्षी नवं लिंपण लागतं आणि ते बहुतेक बायकाच करतात. पावसात भिंत भिजते, सापविंचवाला वाट मिळते. पाड्यावरच्या बाईला स्लॅबचं घर हवंसं वाटतं यात तिची काहीच चूक नाही. तिला कुडाचं माहात्म्य सांगणारे आपण स्वतः चौथ्या मजल्यावर राहतो.

कुडाचं खरं नवल त्याच्या बांधकामाच्याही पलीकडे आहे. हे घर उभं राहायचं तर तीन गोष्टींची परवानगी लागते: कारवी तोडण्याची, मेढीसाठी लाकूड आणण्याची आणि ज्या जमिनीत मेढ रोवायची तिथे असण्याची. तिन्ही परवानग्या गेल्या दीडशे वर्षांत एकेक करून काढून घेतल्या गेल्या आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यातल्या काही, फार हळू, परत येत आहेत.

१८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. ओरड इतकी झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यातला एक मोठा प्रश्न होता राबाचा. भाताच्या रोपासाठी झाडांच्या फांद्या छाटून, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची ही इथली रीत. तिच्यावरचा वाद आजही मिटलेला नाही, इतकंच की तो आयोगापुढे होण्याऐवजी आता कृषी विभागाच्या शिबिरात होतो. कातकऱ्यांचं नुकसान याहून खोल गेलं. खैराचा गाभा उकळून कात काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. खैर सरकारी झाला, शिकार गुन्हा ठरली, आणि जंगलातली माणसं दुसऱ्याच्या शेतावर, कोळशाच्या भट्टीवर आणि पुढे वीटभट्टीवर आली.

वीटभट्टीचं गणित शहापूर-मुरबाडमध्ये सगळ्यांना पाठ आहे. पावसाळ्याअखेर घरातलं धान्य संपत आलं की मालक बयाणा देतो. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्टीवर जातं. पावसाच्या तोंडावर परत येतं तेव्हा बयाणा फिटलेला असेल तर नशीब. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तरी या भागात वेठबिगार सोडवण्याचं काम श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं करावं लागलं. मुंबईच्या आसपासच्या इमारतींना लागणारी वीट थापणारी ही माणसं, आणि त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र विटेची भिंत नाही.

विटा घ्यायला सरकार पैसे देतं, हे खरं. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा कुटुंबांना घरासाठी २ लाख रुपये मिळतात. राज्याची शबरी घरकुल योजना त्याआधीपासून आहे. पण घरकुलाच्या अर्जात एक रकाना असतो: जागा कोणाच्या नावावर? इथे बहुतेक कातकरीवाड्यांचं घोडं अडतं. कित्येक वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत. कधीकाळी जमीनदाराला राखणीला, कामाला माणसं हवी होती, त्याने बांधाला झोपड्या घालू दिल्या. तीन-चार पिढ्या तिथेच जन्मल्या आणि मेल्या, सातबारा मात्र मालकाचाच राहिला. मुंबईहून फार्महाऊस आणि बंगल्यांच्या जाहिराती या भागात पोहोचल्या, जमिनीचे भाव वाढले आणि त्या झोपड्या मालकाला खुपू लागल्या.

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याची ‘अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ ही संस्था या प्रश्नावर कातकऱ्यांबरोबर काम करत आली. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांचं या कामावरचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. तिथला मार्ग साधा दिसतो, चालायला अवघड आहे. वाडीतल्या लोकांनी स्वतःच्या वाडीची माहिती स्वतः गोळा करायची आणि गावठाण जाहीर करा म्हणून अर्ज करायचा. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकाऱ्याला आहे. दुसरा मार्ग पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेचा. जागा घ्यायला सुरुवातीला ५० हजारांपर्यंत मदत आणि जागा ५०० चौरस फूट. महामार्गालगतच्या शहापुरात ५० हजारांत ५०० फूट कोण विकेल, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना पडला असावा, कारण पुढे ही रक्कम वाढवण्यात आली.

ज्यांची वस्ती वनजमिनीवर आहे त्यांची वाट वेगळी. तिच्यात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आहे, आणि तिचा उगम याच ठाणे जिल्ह्यात आहे.

जंगलजमीन कसणाऱ्याला सरकार नेहमी विचारायचं, कागद दाखव. कागद नसायचाच. वनखात्याने दंडाची पावती फाडली असेल तर तीच. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींचे दावे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दाव्याची चौकशी कागदोपत्री पुराव्यापुरती मर्यादित ठेवता येणार नाही, इतर पुरावाही विचारात घ्यावा लागेल. अकरा वर्षांनी, २००६ च्या डिसेंबरात, संसदेने वनहक्क कायदा केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यातला नियम १३ एकदा वाचून पाहावा. जनगणना, नकाशे, दंडाच्या पावत्या हे पुरावे आहेतच. त्यांच्या बरोबरीने दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्ध माणसाचं लिहून घेतलेलं म्हणणं हा पुरावा आहे. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा हा पुरावा आहे. शेताला घातलेला बांध हा पुरावा आहे. आणि घर, झोपडी हाही पुरावा आहे.

म्हणजे कारवीचा तो कूड, जो काल अतिक्रमण म्हणून मोडला जाऊ शकत होता, तो कायद्याच्या नजरेत दस्तऐवज झाला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी मेढी रोवून आणि बांध घालून जमिनीवर जे लिहून ठेवलं, ते वाचायला सरकार तयार झालं. असे एकाहून अधिक पुरावे लागतात. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, तिथून उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेली जमीन जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत नावावर होते, नवरा-बायको दोघांच्या. ती विकता येत नाही, मुलांकडे जाते.

व्यवहारात यातलं बरंच घसरतं. मोजणी आणि स्थळपाहणी होते कोरड्या दिवसांत, आणि तेच दिवस भट्टीचे. जिल्हास्तरीय समितीने दावा नाकारला तर पुढे जायला जागा नव्हती. मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी आणखी एक दुरुस्ती केली, तिची चर्चा फारशी झाली नाही, पण या लेखाच्या दृष्टीने ती मोठी आहे. मूळ कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांच्यासाठी थोडी वनजमीन वळवता येते. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रापुरती त्या यादीत घरांची भर पडली. कुटुंब वाढलं, मुलगा वेगळा झाला, तर त्याने शहराच्या झोपडपट्टीत जायच्या ऐवजी वस्तीशेजारीच घर घालावं, असा त्यामागचा विचार. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं या क्षेत्रात येतात. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या राज्य नियमांमुळे पाड्याला मोठ्या गावापासून वेगळी, स्वतःची ग्रामसभाही मागता येते. तीस घरांचा पाडा आपल्या घरांसाठी स्वतः ठराव करू शकतो, हे कागदावर का होईना, या देशात घडलेलं आहे.

घर आणि जमीन झाली, राहिलं जंगल. वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्यांइतकाच महत्त्वाचा आणि कमी वापरलेला भाग सामूहिक हक्कांचा आहे. गावाने पूर्वापार राखलेलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा आणि मर्दा या गावांना देशात पहिल्यांदा तो मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि बांबूच्या वाहतुकीचं परवाना-पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. चंद्रपुरातल्या पाचगावने २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर हक्क मिळवला, बांबू विकून गावातच मजुरी उभी केली आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं स्वतःच ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आग लावली जाते. कायद्याचं कलम ५ वन्यजीव, जंगल आणि पाणलोट राखण्याचे अधिकार ग्रामसभेला देतं. लोकांना हक्क दिला की ते जंगल ओरबाडतील, या भीतीला पाचगावने दिलेलं उत्तर मला कुठल्याही अहवालापेक्षा पटतं. अहवाल हवाच असेल तर २०१९ चा जागतिक जैवविविधता मंचाचा आहे: जगातली किमान पाव जमीन मूलनिवासी समाजांच्या ताब्यात किंवा वापरात आहे आणि तिथे निसर्गाची घसरण इतर ठिकाणांपेक्षा मंद आहे.

ठाण्यात बांबूचं एवढं मोठं उत्पन्न नाही. इथली श्रीमंती वेगळी आहे, ती पाहायची तर पहिल्या पावसानंतर मुरबाडच्या रानभाज्यांच्या महोत्सवात जावं. श्रमिक मुक्ती संघटना आणि वननिकेतन यांनी तो सुरू केला. शेवळं, भारंगी, लोत, फोडशी, टाकळा, कुर्डू, दिंडा. यातलं शेवळं तसंच शिजवून खाल्लं तर घसा खाजतो, कारण त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यावरचा उतारा काकडाची आंबट फळं, आणि ती त्याच सुमाराला झाडावर येतात. ठाकर बाई बाजारात शेवळांच्या जुडीसोबत मूठभर काकडं देते. हे दोन जिन्नस एकमेकांशी कोणी पहिल्यांदा जुळवले? किती घसे खाजल्यावर?

शहापुरात दुसरा प्रयोग झाला गुळवेलीचा. ही वेल जवळजवळ अमर आहे. तुकडा तोडून झाडावर अडकवला तरी तो जगतो आणि हवेतून मुळं खाली सोडतो. म्हणून मूळ राखून तोडली तर वेल पुन्हा येते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत ती गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली. वनधन योजनेच्या मदतीने डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून त्यांना ३५० टनांची, १ कोटी ५७ लाखांची मागणी आली. हा करोनाचा काळ होता, गुळवेलीला तेव्हा जरा अतीच भाव आला होता. तरीही जे जंगल फक्त गुन्हे नोंदवण्याची जागा झालं होतं, तिथून कातकऱ्याने कंपनीला बिल पाठवावं, ही गोष्ट लहान नाही.

या जंगलात राखण्याजोगं किती आहे याचा अंदाज तानसा अभयारण्यावरून येतो. वनपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, नामशेष मानलं गेलं होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये तानशात. बिबळ्या तर इथला रहिवासीच. वारली माणूस त्याला वाघोबा म्हणून शेंदूर लावतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागात अशी दीडशेहून अधिक वाघोबाची ठाणी अभ्यासकांनी शोधली, त्याबद्दलचा शोधनिबंध २०२१ चा आहे.

आणि पाणी. मुंबईच्या सात तलावांत मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं, त्यातलं ७ लाख १७ हजार एकट्या भातसात. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच पिशापर्यंत वाहत जातं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होतं. मुंबईतल्या दर दुसऱ्या पेल्यात या डोंगरांचा पाऊस असतो. तो पाऊस वर्षभर पुरतो याचं एक कारण उतारावरची कारवी, ऐन, साग आणि त्यांच्या मुळांनी धरलेली माती. उतार उघडे पडले तर तीच माती धरणात येऊन बसेल. त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांना टँकर लागतो, हे महाराष्ट्रात इतक्यांदा छापून आलं आहे की आता त्याची बातमीही होत नाही.

तहान वाढली की शहर पुढच्या खोऱ्याकडे बघतं. मुरबाड तालुक्यातल्या काळू नदीवरच्या धरणाचं काम २०११ मध्ये वन मंजुरी नसतानाच सुरू झालं. त्यात जाणारं जंगल जवळपास हजार हेक्टर होतं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. योजना मात्र रद्द झालेली नाही, मधूनमधून नवा आकडा घेऊन ती वर येत राहते. ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकानुसार वनजमीन वळवण्याआधी तिथल्या ग्रामसभांची संमती लागत होती. २०२२ च्या नव्या नियमांत केंद्राने मंजुरी आधी द्यायची आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहायची, असा क्रम झाला. त्यामुळे काळूच्या खोऱ्यातल्या पाड्यांसाठी आता महत्त्वाचं हे आहे की मंजुरीची फाइल हलण्याआधी किती सामूहिक दावे मंजूर होऊन त्यांची प्रमाणपत्रं ग्रामसभांच्या हाती आलेली असतील.